संगणकाच्या मोडेमवरून फोन लावणे आणि फॅक्स घेणे-पाठवणे : सावद्याच्या पेढीला कोणती व्यवस्था जमेल?

केळी_पेढी, सावदा

नमस्कार मंडळी. सावद्यात आमचे केळीच्या खरेदीचे आणि गाड्या भरून उत्तरेकडे पाठवण्याचे काम आहे. वडिलांच्या काळापासून पेढीचा एकच लँडलाइन क्रमांक आहे. तो पावतीपुस्तकांवर छापलेला आहे आणि रावेर-यावल पट्ट्यातल्या कित्येक शेतकऱ्यांना पाठ आहे, त्यामुळे घरात मोबाइल कितीही झाले तरी ही लाइन बंद करायची नाही असे आम्ही ठरवले आहे. याच लाइनवर एक जुने फॅक्सयंत्र आहे. परगावच्या दोन जुन्या पेढ्या गाडीचा क्रमांक, भरतीचे वजन आणि सही-शिक्क्याची चिठ्ठी अजून फॅक्सनेच मागतात आणि हिशेबाचे कागदही फॅक्सनेच पाठवतात. यंत्रातला कागद उष्णतेने छापला जाणारा असल्यामुळे आपल्याकडच्या वैशाखाच्या उन्हाळ्यात फायलीतली अक्षरे पार फिकट होतात, आणि पुढे हिशेबाचा वाद निघाला की तो कागद पुरावा म्हणून दाखवता येत नाही.

म्हणून फॅक्सचे काम संगणकावर न्यावे असे मनात आहे. त्याबरोबरच संगणकातल्या यादीतून शेतकऱ्याचे नाव निवडले की फोन आपोआप लागावा, पेढीवर कोणी नसताना आलेल्या फोनला आजचा भाव ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू यावा आणि निरोप नोंदवून ठेवता यावा, अशीही इच्छा आहे. भाव बदलला की संगणकानेच सगळ्या शेतकऱ्यांना एकामागून एक फोन लावून तो सांगावा, हेही शक्य आहे का?

माझ्याकडे विंडोज १० असलेला टेबलावरचा संगणक आहे, मोडेम (संगणक टेलिफोनच्या लाइनला जोडणारे उपकरण) आतच बसवलेला एक जुना लॅपटॉप आहे, आणि यूएसबीला लावायचा एक छोटा मोडेम नुकताच घेतला आहे. लाइन सध्या तांब्याच्या तारेची आहे, पण लवकरच फायबर येणार असे लाइनमन सांगून गेला. यातले काय चालेल आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

---

दुरुस्ती_जळगाव

नमस्कार दादा. सॉफ्टवेअरचा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. आधी हातातला मोडेम काय काय करू शकतो ते त्यालाच विचारा, कारण खोक्यावर ‘फॅक्स, डेटा, व्हॉइस’ असे तिन्ही शब्द छापलेले असले तरी आतल्या चिपमध्ये तिसरी सोय असेलच अशी खात्री नसते.

विचारण्याची रीत सोपी आहे. मोडेम जोडल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा पोर्ट क्रमांक दिसतो. ‘पुटी’सारख्या छोट्या प्रोग्रामने तो पोर्ट उघडा आणि रोमन अक्षरांत ‘एटी’ टाइप करून एंटर दाबा. ‘ओके’ असे उत्तर आले की मोडेम जिवंत आहे. त्यानंतर ‘एटी+एफक्लास=?’ हा आदेश द्या. (एफक्लास हा शब्द एफ आणि क्लास यांची रोमन अक्षरे जोडून लिहायचा.) उत्तरात स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे येतील. ० म्हणजे साधा डेटा, १ आणि २ म्हणजे फॅक्सचे दोन प्रकार, आणि ८ म्हणजे आवाज. यादीत ८ नसेल तर भाव ऐकवणे आणि निरोप नोंदवणे त्या मोडेमवर होणार नाही, मग सॉफ्टवेअर कितीही महाग घ्या. फॅक्सच्या दोन प्रकारांत मला १ अधिक भरवशाचा वाटतो. त्यात पलीकडच्या यंत्राशी होणारी बोलणी बहुतांशी संगणक स्वतः सांभाळतो आणि मोडेमकडे फक्त सूर काढण्याचे व ओळखण्याचे काम राहते, त्यामुळे मोडेमच्या आतल्या प्रोग्राममध्ये काही उणीव असली तरी ती फारशी आड येत नाही.

लॅपटॉपच्या आतल्या मोडेमवर विसंबू नका. अशा बहुतेक मोडेममध्ये खरे काम संगणकाचा प्रोसेसर करतो आणि ते पूर्णपणे ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामवर) अवलंबून असते. त्यातही तो ॲगेअर या कंपनीच्या चिपचा असेल तर एक गोष्ट माहीत असू द्या. विंडोजबरोबर वर्षानुवर्षे येणारा ॲगेअरचा एक जुना ड्रायव्हर सुरक्षेतील त्रुटीमुळे मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२५ च्या अद्ययावतीकरणात काढून टाकला, आणि त्या ड्रायव्हरवर चालणारे फॅक्स-मोडेम त्यानंतर विंडोजवर चालत नाहीत. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा पेढीचा संगणक इंटरनेटवर असेल तर त्याचाही विचार आता करावा लागेल.

यूएसबी मोडेमच्या उत्तरात १ असेल तर फॅक्ससाठी विकत काहीच घ्यावे लागत नाही. ‘विंडोज फॅक्स अँड स्कॅन’ ही सोय विंडोज १० मध्ये आहे आणि ११ मध्ये ती पर्यायी सुविधांतून बसवता येते. ती एकदा चालू केली की प्रिंटरच्या यादीत ‘फॅक्स’ नावाचा प्रिंटर दिसू लागतो आणि हिशेबाच्या कोणत्याही प्रोग्राममधून त्यावर छापले की तो कागद थेट फॅक्स होऊन जातो. आलेले फॅक्स चित्राच्या फायली म्हणून जपले जातात, त्यामुळे ऊन लागून अक्षरे उडण्याचा प्रश्न मिटतो.

डायलिंगच्या नियमांत मात्र काळजीपूर्वक लक्ष घाला. देश भारत ठेवा, एरिया कोडच्या रकान्यात आपल्या एक्स्चेंजचा एसटीडी कोड सुरुवातीचे शून्य वगळून भरा, आणि परगावच्या फोनसाठी आधी ० लावायचे असे नोंदवा. १५ जानेवारी २०२१ पासून देशभर लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना आधी ० लावावाच लागतो. शेतकऱ्यांची यादी दहा आकडी क्रमांकांची असेल तर या एका शून्याअभावी एकही फोन लागणार नाही, आणि दोष मात्र मोडेमचा वाटेल.

दुसरी नेहमीची अडचण डायलटोनची. परदेशी बाजारासाठी बनवलेला मोडेम तिकडच्या सुराची वाट पाहतो, आणि आपल्याकडचा सूर ४०० हर्ट्झचा व २५ हर्ट्झने कंप पावणारा असल्यामुळे काही मोडेम ‘डायलटोन नाही’ असे सांगून थांबतात. अशा वेळी ‘एटीएक्स३’ हा आदेश मोडेमच्या जादा आदेशांच्या रकान्यात टाकला की तो सुराची वाट न पाहता क्रमांक फिरवतो. मोडेम देश बदलू देत असेल तर ‘एटी+जीसीआय=५३’ हा आदेश त्याहून बरा, कारण ५३ हा भारताचा संकेत आहे आणि त्याने बाकीची मापेही आपल्याकडची लागू होतात.

यादीतून फोन लावणे तर अगदी साध्या मोडेमवरही होते. क्रमांकाच्या शेवटी अर्धविराम (;) दिला की मोडेम क्रमांक फिरवून फॅक्सचा किंवा डेटाचा सूर न काढता पुढच्या आदेशाची वाट पाहतो. त्याच्या ‘फोन’ लिहिलेल्या खाचेत पेढीचा नेहमीचा फोन जोडलेला असला की आपण रिसीव्हर उचलायचा आणि मोडेमला ‘एटीएच’ देऊन बाजूला करायचे. विंडोजमधला जुना ‘फोन डायलर’ हेच काम खिडकीतून करून देतो.

---

तारजोडणी, भुसावळ

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालो आहे आणि वरचे उत्तर मला पटले. पण मोडेमच्याही आधी लाइन येते, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तांब्याच्या तारांच्या जोडीवर एक्स्चेंजकडून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश दाब येतो आणि तो तिथल्या बॅटऱ्यांवर चालतो. म्हणूनच गावात वीज गेली तरी साधा फोन वाजतो. मोडेमने फॅक्स घ्यायचा असेल तर संगणकही चालू असावा लागतो, आणि आपल्याकडे भारनियमनाच्या तासांत फॅक्स येणार असेल तर इन्व्हर्टरची सोय आधीच करावी लागेल. रिसीव्हर उचलल्यावर हाच दाब दहा व्होल्टच्या आसपास किंवा त्याखाली उतरतो. साध्या मीटरने हे दोन्ही आकडे घरच्या घरी पाहता येतात. रिसीव्हर जागेवर असतानाच दाब फार कमी दिसत असेल किंवा कानाला सतत खरखर येत असेल तर लाइनची तक्रार आधी नोंदवा. माणूस खरखरीतून बोलणे समजून घेतो, फॅक्सला ते जमत नाही. त्याच जोडीवर ब्रॉडबँड असेल तर फॅक्स-मोडेमच्या आणि फोनच्या आधी फिल्टर लावलाच पाहिजे.

यामागचे कारण कळले तर पुढचे निर्णय सोपे होतात. फॅक्सचा फोन लागला की पाठवणारे यंत्र ११०० हर्ट्झचा सूर अर्धा सेकंद काढते, तीन सेकंद थांबते आणि पुन्हा काढते. घेणारे यंत्र २१०० हर्ट्झच्या सुराने आपली ओळख देते. मग दोघे ३०० बिट प्रतिसेकंद या संथ गतीने एकमेकांना आपापली क्षमता सांगतात आणि पानासाठी गती ठरवतात. आधी १४,४०० बिट प्रतिसेकंद करून पाहतात, लाइन तेवढी स्वच्छ नसेल तर ९,६०० वर, तिथूनही खाली ४,८०० किंवा २,४०० वर येतात. वाईट लाइनवर फॅक्सला वेळ लागतो तो या उतरणीमुळे. बोलणी फसली तर फोनच तुटतो.

आता फायबरविषयी. फायबर आले की घरातल्या पेटीला फोनची एक खाच असते आणि त्यात जुना फोन किंवा मोडेम जोडता येतो. डायलटोन येतो, फोन लागतो, आवाज तांब्यापेक्षाही स्वच्छ ऐकू येतो. पण आत आवाजाचे लहान लहान तुकडे होऊन ते इंटरनेटच्या पद्धतीने जातात. एखादा तुकडा उशिरा पोहोचला तर बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, फॅक्सचे पान मात्र तिथेच मोडते. आवाज दाबून पाठवणारी पद्धत मध्ये कुठे वापरली गेली तर फॅक्सचा सूर ओळखण्यापलीकडे जातो. यावरचा योग्य उपाय टी.३८ या नावाने ओळखला जातो. त्यात ती पेटी फॅक्सचा सूर स्वतः ओळखून सुराऐवजी त्यातला मजकूर पुढे पाठवते. पण ही सोय पेटीत आणि सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत अशी दोन्हीकडे चालू असावी लागते. तेव्हा लाइन बदलण्याच्या अर्जावर सही करण्यापूर्वी ‘या क्रमांकावर फॅक्स चालेल का, टी.३८ चालू आहे का’ असे लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. तोंडी ‘चालेल की’ या आश्वासनावर तुमच्या क्रमांकासारखा क्रमांक सोपवू नका. ते उत्तर मिळेपर्यंत, शक्य असेल तर, तांब्याची जोडी सोडू नका.

टी.३८ नसेल आणि फायबर टाळता येण्यासारखे नसेल तर फॅक्सची गती ९,६०० च्या वर जाऊ देऊ नका. चूक-दुरुस्तीची सोयही बंद करून पाहा. ती चालू असताना एखादा तुकडा हरवला की तो पुन्हा मागवला जातो आणि मागवण्यातच फोन तुटू शकतो. ती बंद असली तर पानावर एखादी ओळ बिघडलेली दिसेल, पण पान पोहोचेल. एकदोन पानांचे कागद अशा मांडणीत बहुधा जातात, लांबलचक हिशेबांचा भरवसा मी देणार नाही.

वळवाच्या पावसाची गोष्ट वेगळी लिहिण्यासारखी आहे. सावदा-रावेरकडे मे-जूनमध्ये वादळ आणि विजा किती येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. केळीच्या बागा आडव्या होतात त्याच दिवशी खांबांवरून येणाऱ्या लाइनवरून विजेचा धक्का मोडेममध्ये शिरतो आणि तिथून संगणकातही जातो. घरात लाइन शिरते तिथे वायूनळीचे संरक्षक (विजेचा धक्का जमिनीकडे वळवणारे उपकरण) बसवा, त्याची अर्थिंग खरोखर जमिनीत गेली आहे हे पाहा, आणि ढग भरून आले की मोडेममधून लाइनची तार काढून ठेवण्याची सवय पेढीवरच्या सगळ्यांना लावा.

---

केळी_पेढी, सावदा

आपणा दोघांचे मनापासून आभार. काकांनी सांगितल्याप्रमाणे मीटरने लाइन तपासली. रिसीव्हर जागेवर असताना दाब ठीक दिसतो आणि खरखर नाही. यूएसबी मोडेमने विचारल्यावर ‘०,१,८’ असे उत्तर दिले, म्हणजे फॅक्सही आहे आणि आवाजही. लॅपटॉपचा नाद सोडला. विंडोजवरून एक फॅक्स पाठवून पाहिला, तो ‘एटीएक्स३’ टाकल्यावर गेला.

आता खरा पेच एकाच क्रमांकाचा आहे. विंडोजमध्ये फॅक्स आपोआप घेण्याची सोय चालू केली की पहिल्या काही घंट्यांनंतर संगणकच फोन उचलतो आणि शेतकऱ्याच्या कानात शिट्टी वाजते. पहाटे कटाईच्या टोळ्यांचे फोन येतात, त्यांनाही तेच ऐकू येते. माणसाचा फोन आणि फॅक्सचा फोन संगणकाला वेगळे ओळखता येत नाहीत का? आणि हेडफोन लावून संगणकावरूनच बोलता येईल का?

---

लिनक्स_लळिंग, धुळे

ओळखता येतात, पण विंडोजच्या त्या सोयीत नाही. तिथे दोनच मार्ग आहेत. ठरावीक घंट्यांनंतर येणारा प्रत्येक फोन फॅक्स म्हणून घ्यायचा, किंवा फोन स्वतः उचलायचा आणि फॅक्सचा सूर ऐकू आला तर ‘आत्ता फॅक्स घ्या’ या अर्थाचे बटण दाबायचे. पेढी चालू असेल त्या वेळेत दुसरा मार्गच ठेवा.

आपल्याला हवी असलेली व्यवस्था मी लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीवर) चालवतो, म्हणून तिची रचना सांगतो. ‘एमगेटी’ या जुन्या प्रोग्रामच्या कुटुंबात ‘व्हीगेटी’ नावाचा भाग आहे. तो मोडेमला आवाजाच्या वर्गात, म्हणजे ८ मध्ये, ठेवून फोन उचलतो आणि तुमचा ध्वनिमुद्रित भाव ऐकवू लागतो. ऐकवत असतानाच मोडेम पलीकडचे सूर ओळखत असतो. काकांनी सांगितलेला ११०० हर्ट्झचा सूर आला की मोडेम संगणकाला तशी खूण देतो, व्हीगेटी तत्काळ फॅक्सच्या वर्गात जातो आणि पान घेऊ लागतो. सूर नसेल तर माणूस आहे असे धरून भाव पूर्ण ऐकवतो, मग एक टोन देऊन निरोप नोंदवतो. माणसाला शिट्टी ऐकू येत नाही आणि फॅक्स परत जात नाही. मात्र क्रमांक हाताने फिरवून, पलीकडचा आवाज ऐकल्यावर बटण दाबणारा कोणी असेल तर त्याचे यंत्र हा सूर काढेलच असे नाही. तुमच्या त्या दोन पेढ्यांना ‘कागद लावून यंत्रालाच क्रमांक फिरवू द्या’ असे एकदा कळवून ठेवा.

ध्वनिमुद्रण मोबाइलवर करता येईल, पण ते मोडेमच्या मापात आणावे लागते. टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० नमुन्यांचा, एकाच बाजूचा असतो. व्हीगेटीबरोबर येणारी ‘पीव्हीएफ’ साधने साध्या वेव्ह फायलीचे मोडेमला समजणाऱ्या प्रकारात रूपांतर करतात. भाव रोज बदलतो, म्हणून हे रूपांतर एका छोट्या स्क्रिप्टमध्ये बांधून ठेवा, म्हणजे पेढीवरच्या मुलाने सकाळी नवी फाइल ठरलेल्या जागी ठेवली की काम झाले. बोलताना गावाचे नाव, तारीख, मग भाव असा क्रम ठेवा. कालचा भाव आजचा समजून कोणी गाडी भरली तर तो वाद फार वाईट.

यासाठी मोठा संगणक दिवसभर चालू ठेवण्याची गरज नाही. रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक हे काम सहज करतो आणि इन्व्हर्टरवर त्याचा भारही जाणवत नाही. मोडेम घेताना मात्र यूएसबीचा आणि स्वतःचा नियंत्रक आत असलेला घ्या. असा मोडेम लिनक्सला वेगळ्या ड्रायव्हरशिवाय एसीएम जातीचे (यूएसबी मोडेमसाठी ठरलेले) पोर्ट म्हणून दिसतो. तुमचा तसा दिसतो का ते एखाद्या पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवर आधी पाहून घ्या. फक्त फॅक्सचेच काम मोठे असते तर मी ‘हायलाफॅक्स’ सुचवले असते. तो आलेली पाने पीडीएफ करून ईमेलने पाठवतो आणि जाणारे फॅक्स रांगेत लावून लाइन मोकळी मिळेल तसे पाठवत राहतो. पण दोन पेढ्यांच्या चिठ्ठ्यांसाठी एवढा पसारा मांडू नये असे माझे मत आहे.

हेडफोनचे उत्तर मात्र नकारार्थी आहे. वर्ग ८ चा मोडेम एका वेळी एकतर ऐकवतो किंवा नोंदवतो. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलायला स्पीकरफोनची क्षमता असलेला मोडेम लागतो. माइक आणि स्पीकरच्या खाचा असलेली तशी कार्डे पूर्वी मिळत. आता ती शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा दुरुस्तीभाऊंनी सांगितलेली अर्धविरामाची युक्ती वापरा आणि रिसीव्हरवरच बोला.

येणारा क्रमांक पडद्यावर हवा असेल तर ‘एटी+व्हीसीआयडी=१’ हा आदेश आहे, पण तो सगळीकडे फळ देत नाही. बहुतेक मोडेम क्रमांक ज्या पद्धतीने वाचतात ती, पहिल्या आणि दुसऱ्या घंटीच्या मधल्या वेळात येणारी पद्धत आहे. आपल्याकडे काही एक्स्चेंज क्रमांक बटणांच्या सुरांनी पाठवतात आणि साधा मोडेम ते वाचत नाही. तुमच्या लाइनवर कोणती पद्धत आहे ते एक फोन लावून पाहिल्यावर कळेल.

आपोआप सगळ्यांना भाव सांगण्याचे काम या लाइनवर करू नका. तांत्रिकदृष्ट्या ते अवघड नाही. पण व्यापारी स्वरूपाच्या अशा आपोआप कॉलवर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) २०१८ च्या नियमावलीत बंधने आहेत, आणि तक्रार झाली तर पिढीजात क्रमांकच तोडला जाण्याची वेळ येऊ शकते. शेतकऱ्याने स्वतः फोन करून भाव ऐकावा ही तुमची पहिली कल्पनाच उत्तम आहे. शिवाय एका लाइनवरून एकामागून एक शेकडो फोन लावत बसलात तर तेवढा वेळ बाहेरून येणाऱ्याला लाइन व्यग्रच मिळेल.

---

कागदपत्र_नंदुरबार

मी मोडेमचा जाणकार नाही, पण आमच्या कार्यालयातून मराठी कागद फॅक्सने बरेच जातात, म्हणून पानाच्या स्पष्टतेविषयी सांगतो.

फॅक्सच्या साध्या प्रतीत आडवे १,७२८ ठिपके असतात, पण उभ्या दिशेने इंचाला फक्त ९८ ओळी पडतात. इंग्रजी टंकलेखनाला त्या पुरतात. देवनागरीत वेलांटी, रफार आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर, तर उकार आणि ऋकार खाली असतात, आणि नेमके तेच या ओळींमध्ये हरवतात. सातबारा किंवा बारीक अक्षरांची वजनचिठ्ठी साध्या प्रतीत पाठवली तर ३ आणि ८ यांतला फरकही कळेनासा होतो. म्हणून ‘फाइन’ प्रत निवडा. त्यात इंचाला १९६ ओळी पडतात. वेळ जास्त लागतो, पण वजनाच्या आकड्यावर पैसे ठरणार असतील तर तो वेळ द्यायलाच हवा.

वेळ वाचवायचा असेल तर स्कॅन करताना राखाडी छटा टाळा आणि निव्वळ काळे-पांढरे निवडा. पांढऱ्या जागेची लांबच लांब पट्टी फॅक्स एका छोट्या संकेतात गुंडाळून पाठवतो, पण पिवळट किंवा छापील नक्षीच्या कागदावर सगळीकडे ठिपके उमटतात आणि गुंडाळण्यासारखे काही उरतच नाही. साध्या प्रतीचे एक पान न गुंडाळता पाठवले तर सुमारे वीस लाख ठिपके होतात, म्हणजे १४,४०० च्या गतीनेही दोन मिनिटांच्या वर. जांभळ्या शाईचा शिक्का काळ्या-पांढऱ्यात फिकट येतो, तेव्हा स्कॅनचा उजेड थोडा कमी करून एकदा पडद्यावर पाहा आणि मगच पाठवा.

---

केळी_पेढी, सावदा

सर्वांनी इतके मनापासून लिहिले याचे समाधान वाटते. लिनक्सचा मार्ग मला पटला आहे आणि भाचा संगणक शिकतो, त्याच्याकडून तो मांडून घेईन. फायबरविषयी लेखी पत्र आजच देतो. ‘फाइन’ प्रतीची गोष्ट आजवर कोणीच सांगितली नव्हती, आमच्या वजनचिठ्ठ्यांवरून होणाऱ्या कटकटीचे कारण तेच असावे.

एकच शंका राहिली आहे. जुने फॅक्सयंत्र लगेच काढून टाकावे की त्याच लाइनवर राहू द्यावे? आणि किती घंट्यांनंतर संगणकाने फोन उचलावा?

---

दुरुस्ती_जळगाव

यंत्र राहू द्या दादा, पण त्याचे आपोआप उत्तर देणे बंद करून ते हाताने घेण्यावर ठेवा. दोघांनीही उचलायचे ठरवले तर ज्याच्या घंटा आधी पूर्ण होतील तो फोन घेईल, आणि दुसऱ्याने मध्येच लाइन धरली तर पान अर्ध्यावर तुटेल. संगणक बिघडला किंवा वीज फार वेळ गेली, तरच यंत्राची सोय पुन्हा चालू करायची. दोन्ही भिंतीवरच्या एकाच खाचेतून दुभाजक लावून जोडण्यापेक्षा लाइन आधी मोडेमला आणि मोडेमच्या ‘फोन’ खाचेतून पुढे यंत्राला व रिसीव्हरला अशी न्या. बऱ्याच मोडेममध्ये स्वतः फोन घेताना मागची उपकरणे तोडण्याची सोय असते, त्यामुळे फॅक्स चालू असताना कोणी चुकून रिसीव्हर उचलला तरी पान बिघडत नाही. तुमच्या मोडेममध्ये ती आहे का हे एक फॅक्स चालू असताना रिसीव्हर उचलून आताच पाहून घ्या.

घंटांचे म्हणाल तर पेढी उघडी असताना सहा-सात ठेवा, म्हणजे गल्ल्यावरचा माणूस उठून फोनपर्यंत पोहोचेल. पेढी बंद झाली की दोन पुरेत. व्हीगेटीच्या मांडणीत हा आकडा एका फाइलमधून वाचता येतो, तेव्हा भाच्याला सांगून तो वेळेनुसार आपोआप बदलेल असे करून घ्या. दोनपेक्षा कमी मात्र करू नका, कारण येणारा क्रमांक वाचायचा असेल तर तो पहिल्या घंटीनंतर येतो आणि त्याआधी फोन उचलला गेला तर क्रमांक हातचा जातो.